दारांच्या काळ्या पट्ट्या आणि गिअरभोवतीचं पॅनेल : कामाच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

ताईची गाडी आज दुपारी थोडा वेळ नुसती बघायला मिळाली. पांढरी कॉम्पॅक्ट एसयूव्ही, पाच वर्षांची, रोज सिंहगड रोड ते हिंजवडी. आठवडाभर तिला ती लागते, त्यामुळे काम शनिवार-रविवारीच, आणि भाऊबीजेच्या आत उरकायचं. तिची तक्रार एकच: "धुतली तरी धुतल्यासारखी वाटत नाही रे."

पांढऱ्या पत्र्यावर चरे असणारच, पण दिसत नाहीत. जे काय दिसतं ते चकचकीत काळ्या प्लास्टिकवर. पुढच्या दाराची मागची पट्टी आणि मागच्या दाराची पुढची, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चार. ग्रिलची आडवी पट्टी. आत गिअरभोवतीचं पॅनेल आणि ड्रायव्हरच्या दारावरची काचांच्या बटणांची पट्टी. ग्रिलवर दसऱ्याचा झेंडूचा हार बांधला होता, त्याच्या सुतळीची गाठ जिथे घासली तिथे करडा डाग आहे. हळदीचा पिवळेपणाही आहे, पण त्याची काळजी नाही; हळद उन्हात आपोआप उडते. सुतळीची खूण उडणार नाही.

उन्हात उभं राहून पाहिलं तर प्रत्येक पट्टीवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं. खरं तर हे चरे गोल नसतातच. पुसणाऱ्याचा हात उभा, आडवा, तिरका, कसाही फिरलेला असतो. पण उजेडाच्या ठिपक्याभोवती जे चरे आडवे येतात तेवढेच प्रकाश डोळ्यांकडे फेकतात, बाकीचे गप्प राहतात. म्हणून टॉर्च हलवला की जाळंही त्याच्याबरोबर सरकतं. काळ्यावर ते जास्त बोचतं, कारण काळा रंग स्वतः उजेड परत देत नाही. पांढऱ्यात तो इतका परत येतो की चऱ्याची चमक त्यात हरवते.

कारण शोधायला लांब जायला नको. सोसायटीत गाडी पुसणारे मामा सकाळी सहाला येतात, एक बादली, एक फडका, आणि पूर्ण विंग. आधी कोरडाच फडका फिरतो, मग ओला. धुळीतली वाळू म्हणजे क्वार्ट्झ, मोहज मापावर कडकपणा ७. तिच्यापुढे कुठलंही प्लास्टिक लोणीच.

८ ऑक्टोबर, बुधवार

भंगारवाल्याकडून दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीची दाराची काळी पट्टी आणली, दीडशे रुपयांना. सराव करायचा तर ताईच्या गाडीवर कशाला?

थोडं माझ्या धंद्याबद्दल, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरून घेतलेत. मी चाकणला प्लास्टिक मोल्डिंगच्या टूलरूममध्ये आहे. असे चकचकीत काळे पार्ट कारखान्यात कोणी पॉलिश करत नाही. पॉलिश होते ती डाय, म्हणजे पार्टचा स्टीलचा साचा. आमचा पॉलिशर स्टीलवर आधी स्टोन मारतो, मग पेपर, मग डायमंड पेस्ट, आणि आरशासारखं फिनिश हवं असेल तर शेवटची पेस्ट ३ मायक्रॉनची. पार्ट त्या स्टीलची नक्कल घेऊन बाहेर येतो. डायवर केसाएवढा चरा राहिला तर तो हजारो पार्टवर उतरतो, म्हणून त्या माणसाच्या टेबलाजवळ कोणी जोरात चालतसुद्धा नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, अशा पट्टीवर बऱ्याचदा वेगळा रंग किंवा लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक वार्निश, नसतो. प्लास्टिकच्या कच्च्या दाण्यातच काळा रंग असतो. बाहेरच्या पट्ट्यांना साधारण अ‍ॅक्रिलिक, म्हणजे पीएमएमए, किंवा त्याचं एएसए या दुसऱ्या प्लास्टिकबरोबरचं मिश्रण; आतल्या पॅनेलला एबीएस किंवा पीसी-एबीएस ही मऊ प्लास्टिकं, कधी त्यावर लॅकर. दुसरी, बॉडीवर लागू पडणारे नियम इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. पत्र्यावर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण ४० ते ५० मायक्रॉन असतो आणि रंगाची जाडी मोजायचं साधं मीटर पत्र्यावरच चालतं. प्लास्टिकवर ते आकडाच दाखवत नाही. त्याला अल्ट्रासॉनिक मीटर लागतं, आणि ते घरगुती हौसेच्या बजेटात बसत नाही. लॅकर असला तर तो किती उरलाय हे न कळता घासायचं आहे, असं धरूनच चालायचं.

संध्याकाळी भंगाराच्या पट्टीवर ३००० चा फोमवाला पेपर पाणी मारून फिरवला. मॅट झाली. फिनिशिंग पॉलिशने ती मॅट पूर्ण जात नाही. मधे कंपाउंड, म्हणजे जास्त कापणारं पॉलिश, लागतोच, आणि कंपाउंडने स्वतःचं धुकं सोडलं. परत पॉलिश. शेवटी आली चमक, पण तेवढ्या वेळात जे काही झिजलं त्याला मोजमाप नाही. ताईच्या गाडीवर पेपर लावायचा नाही, हे आजच ठरवलं. नखाला लागतो तो चरा राहिला तर राहिला.

११ ऑक्टोबर, शनिवार

धुणं. प्रेशर वॉशरने आधी लांबून, मग शाम्पू, मग मायक्रोफायबरचा मिट, आणि पट्ट्यांसाठी वेगळा मिट. क्ले बार, म्हणजे चिकटलेला मळ ओढून काढणारी माती, दारांवर फिरवला, पट्ट्यांवर नाही. क्ले स्वतःच बारीक खरवड सोडतो. पत्र्यावर ती पुढच्या पॉलिशमध्ये जाते, मऊ प्लास्टिकवर उगाच काम वाढतं. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके पट्टीच्या खालच्या टोकाला होते, तिथे पांढरा व्हिनेगर पाण्यात अर्धा-अर्धा करून ओला कापूस मिनिटभर ठेवला आणि धुऊन टाकला.

मग मटेरियलची तपासणी. दार उघडल्यावर पट्टीचा जो भाग आत वळतो, तिथे पॉलिशचा थेंब घेऊन पांढऱ्या कपड्याने दहा-बारा वेळा घासलं. कपडा काळपट झाला. म्हणजे लॅकर नाही, दाण्यातलाच रंग. चारही पट्ट्या तशाच. ग्रिलवर कपडा पांढराच राहिला, म्हणजे तिथे वर पारदर्शक थर आहे. दिसायला दोन्ही एकाच काळ्या रंगाचे, पण वागणं वेगळं असणार.

पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल डिस्टिल्ड वॉटरमध्ये पातळ करून घेतलं, दहाला एक. यूट्यूबवर लोक निम्मं-निम्मं किंवा सरळ बाटलीतून ओततात. अ‍ॅक्रिलिकवर मी ते करणार नाही. आमच्याकडे पार्टमध्ये ताण राहिलाय का हे बघायला तो अल्कोहोलमध्ये बुडवतात. ताण असेल तर गेटजवळ (जिथून प्लास्टिक साच्यात शिरतं), कोपऱ्यात, क्लिपच्या बॉसभोवती (मागच्या उंचवट्याभोवती) बारीक तडे उमटतात. जी टेस्ट पार्ट बाद करायला वापरतात, ती लाडक्या बहिणीच्या गाडीवर कशाला करून बघायची? अमोनियावाला काचेचा स्प्रेही त्याच कारणाने लांब ठेवलाय.

१२ ऑक्टोबर, रविवार

मुख्य दिवस. पार्किंगमध्ये सावली आहे, पट्टी हाताला गार लागते, एवढं पुरे.

आधी टेप. पट्टीच्या दोन्ही बाजूंना काचेची रबर बीडिंग आहे, आणि तिच्यावर पॉलिश वाळलं की पांढरी रेघ कायमची बसते. टूथब्रशने काढत बसावं लागतं. पट्टीच्या धारांवरही दोन-तीन मिलिमीटर टेप सोडली. धारेवर पॅडचा सगळा दाब एका रेषेत येतो, आणि पहिली झीज होते ती तिथे.

पहिला प्रयत्न हातानेच, मेग्वायर्सचं प्लास्टएक्स आणि मऊ फोमचा अ‍ॅप्लिकेटर. उभे, सरळ हात, गोल नाही. जाळं पुष्कळ विरळ झालं, पण तिरक्या उजेडात हाताच्या दिशेने धुकट पट्टे दिसायला लागले. हाताचा दाब बोटांखाली जास्त आणि मधे कमी असतो, ते प्लास्टिक बरोबर दाखवतं. मोठ्या सपाट भागावर हाताचं काम इथेच थांबवलं.

मग छोटं बॅटरीचं ड्युअल अ‍ॅक्शन मशीन, तीन इंची, त्यावर सगळ्यात मऊ फिनिशिंग पॅड, आणि मेन्झर्ना ३८०० हे बारीक फिनिशिंग पॉलिश. पॅडवर अगदी लहान तीन थेंब. मशीन चालू करण्याआधी पॅड पट्टीवर टेकवून थेंब पसरवायचे, नाहीतर शिंतोडे थेट सीटवर. स्पीड खालून दुसऱ्या नंबरवर, मशीनच्या वजनापेक्षा जास्त दाब नाही. एका वेळी वीतभर लांबीचा तुकडा, हात सावकाश.

इथे मुख्य शत्रू उष्णता. पत्रा ती पळवून नेतो. स्टीलची उष्णतावाहकता ५० च्या आसपास, अ‍ॅक्रिलिकची जेमतेम ०.२ वॅट प्रति मीटर केल्विन. म्हणजे पॅडखाली तयार झालेली गरमी तिथेच वरच्या थरात बसून राहते. अ‍ॅक्रिलिक १०५ अंशांजवळ मऊ पडतं, पण त्याच्या बरंच आधी पॉलिश चिकट होऊन पॅड ओढायला लागतो, आणि तो ओढला की नवे चरे. इन्फ्रारेड थर्मामीटर हाताशी ठेवलं होतं. काळ्या प्लास्टिकवर ते भरवशाचं वाचतं, कारण त्याची मूळ सेटिंग ०.९५ असते आणि प्लास्टिकही साधारण तिथेच असतं. चकचकीत क्रोमवर मात्र काहीच्या बाही आकडे येतात. ४५ अंश दिसले की थांबायचं आणि दुसऱ्या बाजूच्या पट्टीवर जायचं. अशा आलटापालटीने काम उलट लवकर होतं, कारण थंड होण्याची वाट बघावी लागत नाही.

प्रत्येक तुकड्यानंतर पॅड मऊ ब्रशने साफ. पॅडवर काळपट लगदा जमतो, तो प्लास्टिकचाच भुगा. तो तसाच ठेवून पुढे गेलं तर पॉलिश नव्हे, भुगाच घासत बसतो आपण.

आणि मग पुसणं. माझ्या मते अर्धं काम इथेच बिघडतं. पॉलिश करून आरसा झालेली पट्टी साध्या मायक्रोफायबरने नेहमीच्या जोराने पुसली की तिरक्या उजेडात नव्या रेघा हजर. मग लोक म्हणतात पॉलिश चांगलं नाही. पट्टीवर आधी पातळ अल्कोहोलचा फवारा, मग कपडा नुसता ठेवायचा, बोटांनी दाबायचं नाही, त्याच्या स्वतःच्या वजनाने एकदा ओढायचा, बाजू उलटायची, परत एकदा. कपडा बिनशिलाईचा, कारण शिवलेली नायलॉनची कड चरा काढते. लेबल तर आणल्याबरोबर कापलेलं असलंच पाहिजे.

चारही पट्ट्या दुपारपर्यंत झाल्या. टॉर्चखाली जाळं गेलं. ड्रायव्हरच्या बाजूला हँडलच्या उंचीवर दोन खोल चरे आहेत, बहुधा बॅगेच्या चेनचे. नख त्यात अडकतं. पॉलिशने त्यांच्या कडा बोथट झाल्या, त्यामुळे आता ते ठरावीक कोनातच दिसतात. तिथे थांबलो.

ग्रिलची पट्टी वेगळीच निघाली. तेच पॉलिश, तोच पॅड, पण सुतळीची खूण हलेचना. वरचा पारदर्शक थर अ‍ॅक्रिलिकपेक्षा कडक आहे. तेवढ्या भागापुरतं मेग्वायर्सचं एम २०५, जरा जास्त कापणारं पॉलिश, आणि थोडा कडक पॅड, आणि शेवटी परत मऊ. खूण गेली. मऊ प्लास्टिकवर कमी आणि कडक थरावर जास्त, हे आधीच्या कपड्याच्या तपासणीमुळे कळलं, नाहीतर एकाच मापाने दोन्ही घासले असते.

भाऊजी संध्याकाळी बघून गेले. "एवढ्यात तर नवीन पट्ट्या आल्या असत्या," म्हणाले. आल्याही असत्या. चार महिन्यांत तशाच झाल्याही असत्या.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज फक्त वाचन आणि खरेदी. आतल्या पॅनेलवर सिरॅमिक कोटिंग करावं का, हे ऑफिसात दोघांनी विचारलं. जाहिरातीत "९एच" असतं ते पेन्सिलीचं माप आहे. ९एच पेन्सिलीने रेघ उमटत नाही एवढाच त्याचा अर्थ. मोहजचा ९, म्हणजे कोरुंडमचा कडकपणा, त्याच्याशी काही संबंध नाही. थर मायक्रॉनच्या आसपास. पाणी घसरेल, धूळ कमी चिकटेल, धुणं सोपं होईल. पण कोरड्या फडक्यापासून वाचवणार नाही. फिल्मचा हिशेब वेगळा. टीपीयू या लवचिक प्लास्टिकची पीपीएफ, म्हणजे पारदर्शक संरक्षक फिल्म, १५० ते २०० मायक्रॉन जाड असते आणि चरे स्वतःवर घेते. चांगल्या फिल्मवरचे बारीक चरे कोमट पाण्याने भरूनही येतात. म्हणून गिअरच्या पॅनेलवर फिल्म, आणि बाहेरच्या पट्ट्यांवर साधं सीलंट, म्हणजे मेणासारखा हाताने लावायचा पातळ थर. बाहेरही फिल्म लावता आली असती, पण बीडिंगला लागून तिची कड धूळ धरते आणि दोन पावसाळ्यांत काळी रेघ दिसते. मला ती चऱ्यांपेक्षा जास्त खुपते.

१८ ऑक्टोबर, शनिवार (धनत्रयोदशी)

आतलं काम. पॅनेल खोलायचं का हा पहिला प्रश्न. क्लिपा पाच वर्षांच्या, खाली बटणांची वायरिंग, आणि एक क्लिप तुटली की आयुष्यभर खडखड. जागेवरच करायचं ठरवलं.

हे प्लास्टिक मऊ आहे. गिअरच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात पहिलाच हात फिरवला तर प्लास्टएक्सनेसुद्धा किंचित धुकं आलं. पट्ट्यांवर जे चाललं ते इथे चालत नाही, म्हणजे एबीएस किंवा पीसी-एबीएस असणार. इथे चरेही वेगळे: किल्ली, अंगठी, मोबाइल ठेवताना त्याच्या कव्हरची कड, आणि सगळ्यात जास्त ताई सिग्नलला उभी असताना ओढणीच्या टोकाने धूळ पुसते, ते. वरून एसीच्या झोताने आलेली धूळ असते ती.

आधी ब्लोअरने धूळ उडवली, मग ओला ब्रश, मग कपडा ठेवून उचलला. बटणांच्या फटींवर टेप, यूएसबीच्या तोंडावर टेप, स्क्रीनवर कापड. स्क्रीनला हात लावायचा नाही. तिच्यावर चकाकी कमी करणारा थर असतो आणि पॉलिशने तो ठिपक्या-ठिपक्यांनी निघतो.

एक इंची पॅडचं छोटं मशीन, तेच ३८००, सर्वात कमी स्पीड. पॅड आधी डिस्टिल्ड वॉटरच्या फवाऱ्याने किंचित ओलसर केला. मऊ प्लास्टिकवर त्याने ओढ कमी होते. एका जागी दोन-तीन फेऱ्या आणि बास. जितकं घासावं तितकं स्वच्छ होत जातं असं इथे होत नाही. ठरावीक बिंदूपर्यंत चरे जातात, त्यापुढे पॅडचंच धुकं वाढायला लागतं. तो बिंदू टॉर्च जवळ धरून, तिरका करून दिसतो, समोरून नाही.

गिअर लिव्हरच्या चामड्याच्या कडेला मशीन पोचत नाही. तिथे इअरबड नको; त्याचा कापूस काडीवर कडक गुंडाळलेला असतो. मेकअपचा मऊ स्पंज त्रिकोणी कापून वापरला. तो ताईच्याच ड्रेसिंग टेबलवरचा, तिला विचारून.

दारावरच्या बटणांच्या पट्टीचं काम पंधरा मिनिटांत झालं.

१९ ऑक्टोबर, रविवार

फिल्म. बटर पेपरवर पॅनेलचा आकार काढून, मग फिल्म कापली. पॅनेलवर पाणी आणि बेबी शाम्पूचा फवारा, हातांवरही, फिल्म तरंगती ठेवून जागेवर सरकवायची आणि मधून बाहेर स्क्वीजी. इलेक्ट्रॉनिक्स जवळ असल्याने फवारा जपून, कडेला टिश्यू. पॅनेलच्या पुढच्या कोपऱ्यात दुहेरी वळण आहे, तिथे फिल्म ओढून बसवली तर नंतर उठते. हेअर ड्रायरने कोमट करून, ओढ न देता टेकवली, तरी बोटासारखी एक बारीक घडी उरली. ती कापून टाकली. जोड टॉर्चशिवाय दिसत नाही.

बाहेर सीलंटचा एक हात, अर्ध्या तासाने दुसरा.

२३ ऑक्टोबर, गुरुवार (भाऊबीज)

ओवाळणीबरोबर गाडीची किल्ली. ताईने पार्किंगमध्ये पट्टीत स्वतःचा चेहरा बघून टिकली नीट केली आणि म्हणाली, "आता पुसायचीच नाही का ही?"

पुसायची, पण कशी ते ठरवलं. मामांना जाऊन भेटलो. त्यांना शहाणपण शिकवायला नव्हे. एका गाडीला त्यांना जेमतेम पाच-सात मिनिटं मिळतात, त्यात कोणीही कोरडाच फडका मारेल. म्हटलं, "मामा, ह्या गाडीच्या काळ्या पट्ट्या आणि आतलं काळं तेवढं सोडून द्या, बाकी तुमच्या पद्धतीने." ते हसले. "सोडायला सांगणारे तुम्ही पहिलेच. बाकी सगळे म्हणतात तिथेच डाग राहिला."

ताईकडे एक पंपाची बाटली दिली, रिन्सलेस वॉश (नंतर पाण्याने धुवावं लागत नाही असा शाम्पू) २५६ भाग पाण्यात एक भाग या मापाने भरून, आणि दोन जाड कपडे. रविवारी फवारा, मिनिटभर थांबणं, वरून खाली एकदा, कपडा उलटा. कपडे बाकीच्या धुण्यात टाकायचे नाहीत आणि त्यांना फॅब्रिक कंडिशनर लावायचं नाही. त्याने तंतूंवर थर बसतो, कपडा पाणी ओढत नाही आणि धूळ आत घेण्याऐवजी पट्टीवर ढकलत राहतो. दारातल्या कप्प्यात कपडे पिशवीतच ठेवायचे. आतल्या पॅनेलसाठी मेकअपचा रुंद ब्रश दिला, धूळ झटकायला. ओढणी बंद.

३० नोव्हेंबर, रविवार

गाडी परत बघितली. मागच्या दोन्ही पट्ट्या जशाच्या तशा. ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या पट्टीवर काचेच्या कडेला नवी बारीक रेघांची झुपकी आली आहे, सगळ्या आडव्या. पुसण्याच्या नाहीत, कारण पुसणं वरून खाली आहे. दार उघडताना ताईच्या हातातल्या कड्याची उंची मोजली तर बरोबर तिथेच येते. पॉलिश नाही केलं. फिल्मचा उरलेला तुकडा होता, तळहाताएवढा, तो तिथे लावला. कड बीडिंगपासून तीन मिलिमीटर आत ठेवून.

गिअरच्या फिल्मवर किल्लीचे दोन चरे होते. कोमट पाण्यात पिळलेला कपडा त्यावर ठेवला, एक पार गेला, दुसऱ्याची सुरुवात अजून दिसते. कापलेल्या कोपऱ्याची कड थोडी उचलली आहे. पुढच्या वेळी तिथे फिल्म मिलिमीटरभर आखूड कापायची आणि कोपरा गोल ठेवायचा. सीलंटवर पाणी अजून गोळ्या धरतंय. पुढचा हात जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास.